वारसाचा रकाना

आत्ताच सांगायचंय. जेवण नंतर, अंघोळ नंतर, आई दोनदा हाक मारून गेली, तेही नंतर. हाताला अजून लोखंडाचा वास येतोय आणि तो जायच्या आत लिहिलं नाही तर पुन्हा माझा धीर होणार नाही. ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचा, चालेल, पण लिहितेय मी इरफानभाईंना. इरफानभाई, तुम्हाला. तुम्ही गेलात त्याला आज तेरा दिवस झाले. आणि आपण शेवटचं बोललो त्याला जवळजवळ दोन महिने.

नवीन लोकांना तुम्ही कोण हे सांगायला लागेल, तर सांगते, मध्ये बोलू नका. खेळ असा आहे की कुणीतरी एक छोटा डबा कुठेतरी ठेवतं, त्याचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतं, अनोळखी माणसं फोन घेऊन शोधत येतात, आतल्या कागदावर नाव लिहितात आणि डबा होता तसा ठेवून जातात. बक्षीस वगैरे काही नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जे चांगले डबे आहेत ना, ज्यांच्यासमोर आपण अर्धा तास उभे राहतो आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारतो, ते बहुतेक इरफानभाईंचे. कासारवाडी स्टेशनजवळ दुचाकींचं गॅरेज होतं त्यांचं. 'होतं' लिहिताना बोट अडकलं.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती गाडी घेऊन नाही, डबा शोधत. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष, तळेगावहून स्कूटीवर येणं-जाणं, आणि फोनमधला बाण सरळ तुमच्या गॅरेजात घुसत होता. आत गिऱ्हाइकं बसलेली, तुम्ही कोपरापर्यंत काळे. मला काही सुचेना, म्हणून म्हटलं, पुढच्या चाकात हवा कमी वाटतेय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हवा बरोबर आहे, मॅडम. डबा डाव्या हाताला बघा." डाव्या हाताला भिंतीवर पान्यांची रांग. प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्याच आकाराचा पांढरा रंग मारलेला, म्हणजे पाना कुणी नेला तर जागाच चुगली करेल. फक्त एका पान्यामागे पांढरं नव्हतं. तो पोकळ होता. आत कागदाची सुरळी.

त्या दिवसापासून मी तुमच्या मागे लागले. तुम्ही मला स्वप्नाली म्हणायला लागलात, मी तुम्हाला इरफानभाई, आणि पुढे अहो-जाहो. ते तुम्हाला खटकायचं. "भाई म्हणतेस आणि तुम्ही-तुम्ही करतेस, बँकेत बसल्यासारखं वाटतं." मी म्हणायचे, मोठे आहात, तोंडात बसत नाही. "बसेल," म्हणायचात. तीन वर्षांत बसलं नाही.

जागेवरून आपण किती भांडलो. मला कासारवाडी स्टेशनच्या पुलाच्या कठड्याला डबा लावायचा होता, इतका भारी कोपरा, वरून गाड्या दिसतात. तुम्ही म्हणालात, स्टेशनवर दिवसभर सांगतात बेवारस वस्तूला हात लावू नका, आणि तू तिथेच बेवारस वस्तू लावणार? मी म्हटलं, बेवारस कशी, आपली आहे की. तर म्हणालात, हे त्या वस्तूकडे बघणाऱ्याला कसं कळणार. आणि तिथून तुमचा तो शब्द सुरू झाला. डबा बेवारस नको. ज्याची जागा त्याला विचारलेलं असलं पाहिजे, आणि डब्याला एक वारस पाहिजे, जो पावसाळ्यानंतर जाऊन कागद बदलेल, तुटला तर काढून आणेल. त्यासाठी तुमची लांबडी वही. तीन रकाने. जागा. विचारलं कोणाला. वारस.

मी हसायचे त्या वहीला. मीच तुम्हाला एक गोष्ट शिकवली होती तिच्यात, आठवतं? मी चाकणला एका कंपनीच्या क्वालिटी विभागात नोकरीला लागले तेव्हा तोंडात सतत ऑडिट-ऑडिट. तुम्ही चुकलेलं गिरगटून काळं करायचात. मी म्हटलं, रेकॉर्डमध्ये असं चालत नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. तुम्ही म्हणालात, हे बरं आहे, चूक पण राहते आणि माणूस पण राहतो.

देहूरोडला गेलो की लष्कराच्या भिंतीपासून तुम्ही इतके लांब थांबायचात की मी वैतागायचे. मी म्हणायचे, भिंतीला कोण लावतंय, पलीकडच्या झाडाला लावू. नाही म्हणजे नाही. सोसायटीच्या गेटजवळ नाही, शाळेच्या कुंपणाला नाही, एटीएमच्या आसपास नाही. तुमचं म्हणणं, माणूस जिथे थांबला तर का थांबलास असं कुणी विचारत नाही, तीच जागा चांगली. आणि एकदा हसत हसत म्हणालात, "तू वाकून शोधायला लागलीस तर लोक विचारतात, ताई, काय हरवलं? मी वाकलो तर विचारतात, काय ठेवलं?" आणि लगेच चहा सांगितलात. मी पण हसले. इरफानभाई, मी हसले. त्या वाक्यावर हसायचं नव्हतं, हे मला आज कळलं.

आता ते सांगते जे ग्रुपवर मी कधीच लिहिलं नाही.

चाकणला माझ्या कंपनीसमोर दुसरी एक कंपनी आहे, नाव नको. तिच्या कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेनं आग विझवायच्या पाण्याची लाल पाइपलाइन जाते, तिला ओळीनं सहा बुचं. मला सुचलं की सातवं आपलं. तुमच्याच भंगारातलं एक झाकण घेतलं, पोकळ केलं, फिरवून उघडायचे आटे मी स्वतः पाडले, तुम्हाला हात लावू दिला नाही. लाल रंग, मागे लोहचुंबक, आणि वर एक हिरवं 'ओके'चं स्टिकर. हिरवं स्टिकर दिसलं की माणूस दुसऱ्यांदा बघत नाही, हे मला क्वालिटीत राहूनच कळलं होतं. तुम्ही वही उघडून विचारलंत, विचारलं कोणाला? मी म्हटलं, हो, गेटवर विचारलं. तुम्ही लिहून घेतलंत.

विचारलं नव्हतं.

तीन महिने ते बूच म्हणजे माझी शान होती. लोक लिहायचे, दोनदा आलो, समोर उभा होतो, दिसलंच नाही. मी ते स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवायचे. मग त्या कंपनीत ऑडिट आलं. ऑडिटरनं बुचं मोजली तर सात. गेटवरच्या वॉचमनच्या चेकशीटवर रोज सकाळी 'बुचं ६' आणि पुढे टिक. तीन महिने, रोज, टिक. हे सातवं आलं कुठून आणि तू रोज बघत काय होतास, असं सगळं त्याच्यावर गेलं आणि त्याला तिथून हलवून लांबच्या कुठल्यातरी गोडाऊनवर टाकलं. मला हे समोरच्या चहावाल्याकडून कळलं. आणि खरं सांगते, मी तुमच्याकडे आले ती ही गंमत सांगायला आले.

तुम्ही हसला नाहीत. मी म्हटलं, न बघता टिक मारत होता, मग चूक त्याचीच ना?

तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "त्यानं बघितलं नाही, हे खरं. पण तो खेळत नव्हता, स्वप्नाली. जो खेळतच नाही, तो हरायला नको."

मग विचारलंत, त्याचं नाव काय? मला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "गेटवर तू विचारलं होतंस ना?"

तिथे मी रडायला पाहिजे होतं, किंवा सॉरी म्हणायला. मी म्हणाले, गॅरेजात बसून कंपनीतलं काय कळणार तुम्हाला. आजूबाजूला दोन गिऱ्हाइकं होती. तुम्ही फडकं घेऊन हात पुसत राहिलात. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिलात. मी स्कूटी काढली आणि आले.

तीन आठवड्यांनी तुमचा मेसेज. "स्कूटीचं ऑइल बदलायची वेळ झाली. ये." मी वाचला. निळी टिक उमटली. उत्तर दिलं नाही. उद्या देऊ, आधी नीट काहीतरी सुचू दे, असं करत राहिले. त्या वॉचमननं न बघता टिक मारली, मी बघून मारली.

मग तुम्हाला ताप आला, डेंग्यू, आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. ते मी लिहिणार नाही. मी तिथे नव्हते, मला हक्क नाही.

रुबिनाभाभींकडे मी गेले ती चौथ्या दिवशी. दारातच उभी राहिले. भाभींनी मला बघून पहिलं काय विचारलं माहितीये? ऑडिट संपलं का. तुम्ही घरी सांगितलं होतंत की स्वप्नालीचं ऑडिट चालू आहे म्हणून ती येत नाही. आपण भांडलो हे तुमच्या बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतंत. मी मान हलवली, हो, संपलं. भाभींनी आतून वही आणून माझ्या हातात दिली. "ही तुझ्याजवळच असू दे. ह्यात ना गाडीचा नंबर, ना गिऱ्हाइकाचं नाव. मला तर काही कळत नाही."

वही आठवडाभर मी उघडली नाही. उघडली तेव्हा आधी ते बूच शोधलं. 'विचारलं कोणाला' याच्या खाली तुमचं ते उजवीकडे कललेलं अक्षर: स्वप्नालीनं गेटवर विचारलंय. त्यावर एक रेघ. एकच, बारीक, खालचं सगळं वाचता येतंय. शेजारी तुमची सही. मी शिकवलं होतं तसं.

आणि सगळ्यात शेवटी एक नोंद होती, जी मला माहीतच नव्हती. आपल्या भांडणानंतरची. नेटवर टाकलेली नाही. जागा: चाकण-तळेगाव रस्ता, गोडाऊनच्या गेटबाहेर, पुढे अक्षांश-रेखांश. विचारलं कोणाला: पवारमामा, त्यांच्या साहेबांनाही. वारस: काही नाही. रिकामा रकाना. वरच्या प्रत्येक डब्यासमोर 'मी', 'मी', 'मी' लिहिलेलं, आणि या एकाचा वारसच नाही.

मी खूप वेळ त्या रकान्याकडे बघत बसले. मला वाटलं, बरोबर आहे. आधी वारस म्हणून माझं नाव लिहिलं असतंत, आता कशाला लिहाल. आणि ज्यांच्यासमोर 'मी' लिहिलंय, ते सगळे तरी आता कोणाचे? तुमचाच नियम, बेवारस डबा काढून आणायचा. तर आज रविवार बघून मी निघाले. हे नीट लिहिते, शोधायला नाही निघाले. काढून आणायला निघाले. आधी हा, मग पुढच्या रविवारपासून एकेक करून सगळे.

गोडाऊन रस्त्यापासून आत आहे. बाहेर कडुनिंब, त्याखाली ट्रक लागलेले, आणि झाडाला टेकून पाण्याचा रांजण. रांजणाचा स्टँड बघितला आणि मला कळलं, हे तुमचंच काम. मोटरसायकलचे पुढचे दोन पाइप पाय म्हणून, आणि वर आडवं हँडल, मुठींसकट. एका मुठीला ओगराळं लटकवलेलं. माणूस जिथे थांबला तर कुणी का थांबलास विचारत नाही. ड्रायव्हर येतात, हँडलला धरतात, पाणी पितात, जातात.

खुर्चीवर एक वॉचमन बसले होते, मिशा पांढऱ्या. ऊन लई हाय, पाणी प्या, म्हणाले. मी प्यायले. मग त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं आणि म्हणाले, डब्यासाठी आलात व्हय? मी हो म्हटलं. तर खुश झाले, म्हणाले, ते गॅरेजवाले कुठं हायेत, दर ऐतवारी यायचे, दोन ऐतवार झाले, आले न्हाईत.

त्यांना माहीतच नव्हतं, इरफानभाई. त्यांना कोण सांगणार. मी सांगितलं. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावरचा बिल्ला अंगठ्यानं पुसत बसले. कितीतरी वेळ. मग स्वतःच बोलायला लागले.

आधी चाकणला एका कंपनीच्या गेटवर होते म्हणे. काहीतरी बुचाची भानगड झाली म्हणून इकडे टाकलं. घरापासून लांब पडतं, दोन गाड्या बदलायला लागतात. आणि एक दिवस हा माणूस विचारत विचारत इथवर आला, हेल्मेट हातात धरून उभा, म्हणाला, मामा, ते सातवं बूच माझं होतं. मामांनी त्याला वाट्टेल तसं बोलून घेतलं. तो ऐकून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. तेव्हा रांजण विटांवर होता, कलंडायचा. त्यानं मापं घेतली. त्याच्या पुढच्या रविवारी स्टँड घेऊन आला.

ते सगळं सांगत होते आणि माझ्या कानात फक्त एक वाक्य. मी वाकलो तर विचारतात, काय ठेवलं. आयुष्यभर तो प्रश्न नको म्हणून जो माणूस भिंतीपासून लांब उभा राहिला, तो स्वतःहून एका गेटवर गेला आणि म्हणाला, मी ठेवलं. न ठेवलेलं. माझं.

मी तिथून पळून आले असते. खरंच. मामांना काही कळलं नसतं. पण वहीत ती एक रेघ होती.

"मामा, ते बूच त्यांचं नव्हतं," मी म्हटलं. "मी लावलं होतं. कुणाला न विचारता."

मामा रागावतील, ओरडतील, ओरडू देत, असं ठरवून उभी होते.

"मला वाटलंच व्हतं," म्हणाले. "ऑडिटवाल्यानं माझ्यासमोर ते बूच उघडाया लावलं. आटे तिरके व्हते. मग ह्यो स्टँड बघितला अन् म्हटलं, ह्या माणसाच्या हातून तिरके आटे पडायचे न्हाईत. कुणाचं तरी अंगावर घेतोय. पण त्यानं सांगितलं न्हाई, मी बी विचारलं न्हाई." मग विचारलं, "नाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"माझं भानुदास पवार."

मी इतक्या हळू आवाजात सॉरी म्हटलं की त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. ते उठले आणि खुर्चीमागे खिळ्याला अडकवलेला एक पुठ्ठा काढून दाखवला. हातानं रेघा मारलेलं चेकशीट. रांजण १. ओगराळं १. डबा १. पुढे रोजच्या टिक. म्हणाले, "आता हात लावून मारतो." मी बघतेय हे बघून त्यांनी माझ्यासमोर एकदा डाव्या मुठीला हात लावला.

ती मूठ मी फिरवली. आटे लोण्यासारखे. एकदासुद्धा अडलं नाही. आत सुरळी, आणि मला वाटलं होतं कोरी असेल, कारण अजून कुणी शोधलेलाच नव्हता हा डबा. कोरी नव्हती. सगळ्यात वर तुमचं कललेलं अक्षर.

'वारस: स्वप्नाली. सध्या बोलत नाही. येईल.'

वहीत का नाही लिहिलंत? मी गाडीवर येताना सगळा रस्ता हाच विचार करत होते. मला वाटतं, विचारल्याशिवाय तुम्ही वहीत काही लिहीत नव्हतात. आणि मला विचारायचं राहिलं होतं. मेसेज केला होतात ना, ये म्हणून.

पेन मामांनी दिलं. पहिल्या शोधणाऱ्याच्या ओळीवर मी लिहिलं, 'आले, इरफानभाई. तू बरोबर होतास.' खाली सही केली आणि मग लक्षात आलं, तू लिहिलंय. खोडलं नाही.

डबा काढला नाही, भाई. तिथेच आहे. मामांना सांगून आलेय की पावसाळ्यानंतर कागद बदलायला मी येणार, आणि त्याआधीही येणार. भाभींकडे उद्या जातेय, ऑडिटचं खरं काय ते सांगायला. ते सगळ्यात अवघड आहे आणि त्याबद्दल तू मला काही शिकवलं नाहीस.

वही समोर उघडी आहे. शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. आता वरून सुरू केलंय. जिथे जिथे तू 'मी' लिहिलंयस, त्यावर एकच रेघ मारतेय, बारीक, तुझा 'मी' वाचता येईल अशी. शेजारी माझी सही. अकरा डबे झाले. हात थांबला म्हणून हे लिहायला बसले.

आणि ग्रुपवरच्यांनो, तुम्हाला विचारायचं होतं. तुमचं कुणाशी बोलणं तुटलेलं असताना त्या माणसानं तुमच्या नावाची जागा अशी राखून ठेवली होती का कधी? तुम्ही पोचलात का तिथे? आणि पोचलात तेव्हा तो माणूस अजून होता का?